देश वर का येतो, मागे का पडतो: कारण शोधण्याची रीत

‘आपली माणसंच तशी’, ‘पुढाऱ्यांनी वाटोळं केलं’, ‘एक्क्याण्णवनंतर सगळं बदललं’. देशाच्या भरभराटीवरची चर्चा बहुतेक वेळा या तीनपैकी एका वाक्यावर येऊन थांबते. पहिलं वाक्य संस्कृतीचं, दुसरं राजकारणाचं, तिसरं धोरणाचं. तिन्हींत तथ्य असू शकतं, आणि किती आहे ते तपासताही येतं. क्रम असा ठेवावा: आधी आकडा, मग तुलनेची जोडी, मग तारखा, मग नियमाचा मजकूर, मग राजकारण आणि संस्कृती सगळ्यांत शेवटी. संस्कृतीपासून सुरुवात केली की घोडं तिथेच पेंड खातं. देश मागे असेल तर लोक आळशी, पुढे गेला तर तेच लोक कष्टाळू, असं दोन्ही बाजूंनी तिला वापरता येतं आणि पुढे काही शोधावंसंच वाटत नाही.

नमुना म्हणून इथे कापड घेतलं आहे. इंग्लंड, जपान, कोरिया, बांगलादेश अशा कित्येक देशांची कारखानदारीची वाट सूत-कापडातून गेली. मुंबई, इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव यांच्यामुळे मराठी वाचकालाही या धंद्याची नाडी ठाऊक असते.

सामान थोडंच लागतं: एक वही किंवा स्प्रेडशीट, जागतिक बँकेचं आकडेवारीचं संकेतस्थळ, रिझर्व्ह बँकेची वार्षिक आकडेवारी पुस्तिका, राज्यासाठी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ आणि कायद्यांचा मूळ मजकूर, जो ‘इंडिया कोड’वर मिळतो. हे सगळं फुकट आहे. वर्तमानपत्राची कात्रणं उपयोगी पडतात, पण नियमाची तारीख बातमीवरून कधी घेऊ नये. बातमी घोषणेची असते, अंमल नंतर सुरू होतो, आणि कधी कधी होतच नाही.

आकडा आधी नीट करा

एकूण उत्पन्न घेऊ नका, दरडोई घ्या. दरडोईचेही तीन प्रकार मिळतात. देश काळाच्या ओघात किती वाढला हे पाहायचं असेल तर स्थिर किमतींचा, म्हणजे महागाई वगळलेला आकडा घ्यावा. माणूस तिथे काय खातो-पितो, कसा राहतो हे पाहायचं असेल तर क्रयशक्तीनुसार, म्हणजे तिथल्या किमतींत पैशाला काय मिळतं ते धरून काढलेला. चालू डॉलरमधला आकडा कर्जफेड आणि आयात परवडते का, एवढ्यासाठीच. तिन्हींची सरमिसळ ही सगळ्यांत जास्त आढळणारी चूक आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अंदाजात बांगलादेशाचं दरडोई उत्पन्न १,८८८ डॉलर आणि भारताचं १,८७७ डॉलर आलं, आणि आपल्याकडे गहजब झाला. आकडा चालू डॉलरमधला होता, शिवाय टाळेबंदीच्या वर्षाचा. क्रयशक्तीच्या हिशेबात भारत तेव्हाही पुढे होता. पण म्हणून तो आकडा निरर्थक होता असंही नाही: एके काळी बराच मागे असलेला शेजारी इतका जवळ आला कसा, हा प्रश्न खराच होता. तो पुढे घेऊ.

वाढीचा दर समजायला ७० चा नियम पाठ ठेवा. ७० ला दराने भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. १९५० ते १९८० या काळात भारताची अर्थव्यवस्था वर्षाला साधारण ३.५ टक्क्यांनी वाढली. लोकसंख्या वाढत होती सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. दरडोई हाती उरला सव्वा टक्का, म्हणजे दुप्पट व्हायला ५६ वर्षं. त्याच सुमारास दक्षिण कोरियाचं दरडोई उत्पन्न सातेक टक्क्यांनी वाढत होतं, म्हणजे दर दहा वर्षांनी दुप्पट. टक्क्यांत हा फरक किरकोळ दिसतो. ५६ वर्षांचा हिशेब केला तर एकीकडे दुप्पट होतं आणि दुसरीकडे चाळीसपटीच्या पुढे जातं.

आकडा कुठे फसवतो? पहिलं, घसरणीनंतरच्या उसळीत. शंभराचे दहा टक्क्यांनी नव्वद झाले आणि पुढच्या वर्षी दहा टक्के वाढले तर होतात ९९, आणि मथळा मात्र ‘दहा टक्के विकास’ असा येतो. म्हणून घसरणीच्या आदल्या वर्षापासून मोजा. दुसरं, पायाभूत वर्ष (ज्या वर्षाच्या किमती धरून हिशेब करतात ते) बदललं की. नायजेरियाने २०१४ मध्ये १९९० चं पायाभूत वर्ष सोडून २०१० चं धरलं, आणि अर्थव्यवस्था कागदावर ८९ टक्क्यांनी मोठी झाली. मोबाइल आणि चित्रपट असे धंदे जुन्या हिशेबात धड मोजलेच जात नव्हते. लोकांच्या ताटात त्या दिवशी एक घास वाढला नाही. तिसरं, पैसा देशाच्या नावावर दिसतो पण देशात नसतो. आयर्लंडचं उत्पन्न २०१५ मध्ये एका वर्षात २५ टक्क्यांहून जास्त वाढलं, कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले पेटंटसारखे हक्क कागदोपत्री तिथे हलवले. त्यानंतर तिथल्या सांख्यिकी खात्याला वेगळं मोजमाप काढावं लागलं. चौथं, सरासरी. महाराष्ट्राच्या दरडोई उत्पन्नात मुंबई-ठाणे-पुणे आणि नंदुरबार-गडचिरोली एकाच पोत्यात असतात. आर्थिक पाहणीत जिल्हावार तक्ता असतो, तो उघडल्याशिवाय राज्याबद्दल बोलू नये.

जोडी निवडणं

एकाच देशाकडे टक लावून कारण सापडत नाही. जोडी लागते, आणि तिला तीन अटी: सुरुवात साधारण सारखी, काळ तोच, आणि वेगळेपण शक्यतो एकच ठळक. भारत आणि सिंगापूर ही जोडी पहिल्याच अटीत बाद. एक शहर आहे, दुसरं उपखंड. उत्तर आणि दक्षिण कोरिया ही जोडी जवळजवळ आदर्श आहे. भाषा एक, जेवण एक, पूर्वज एक, आणि १९४५ मध्ये ३८ व्या अक्षांशावर आखलेली रेघ. तिथेही काळाची फसवणूक आहेच. अवजड उद्योग आणि जलविद्युत प्रकल्प जास्त करून उत्तरेत होते, त्यामुळे सुरुवातीची बरीच वर्षं उत्तर कोरिया मागे नव्हता. १९६५ ला निकाल लिहिला असता तर उलटा लिहिला गेला असता.

संपूर्ण देशाची जोडी जमत नसेल तर एकच उद्योग घ्या. तो जास्त बोलका निघतो. आपली जोडी: भारतातलं कापड-कपडे आणि बांगलादेशातले तयार कपडे. एक सावधगिरी इथेच लिहून ठेवा. गिरणी म्हणजे सूत आणि कापड, तयार कपडे म्हणजे कापणी आणि शिलाई. यंत्रं वेगळी, कामगार वेगळे, बाजार वेगळा. मुंबईची गिरणी बंद पडली म्हणून ढाक्यात कारखाना उघडला, हे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं. खरा प्रश्न असा आहे: ज्या देशाकडे कापूस, सूत, कापड, कारागीर आणि बंदर हे सगळं होतं, तिथे हजारो बायका एका छताखाली शर्ट शिवतात असे कारखाने त्या काळात का उभे राहिले नाहीत, आणि ज्या देशात कापूसही फारसा पिकत नाही तिथे ते का उभे राहिले?

तारखांची पट्टी

वहीत चार रकाने करा: तारीख, नियम किंवा घटना, ती कोणाला हवी होती, आणि नंतरच्या दोन, पाच व दहा वर्षांत काय दिसलं. तिसरा रकाना सगळ्यांत अवघड असतो. तो रिकामा सोडू नका. कापडाची पट्टी काहीशी अशी भरेल:

१८५४: कावसजी दावर यांची मुंबईतली पहिली कापड गिरणी कंपनी.
१८९६: गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी (उत्पादनावरचा कर). आयात कापडावर शुल्क होतं म्हणून इथल्यावरही बसवलेली, हवी होती इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना. ती रद्द व्हायला १९२५-२६ उजाडलं.
१९०४: इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांचा पहिला यंत्रमाग, संस्थानिक घोरपडे यांच्या पाठबळावर.
१९५६: हातमाग वाचवण्यासाठी गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवली.
१९६७: काही वस्तू फक्त लघुउद्योगांसाठी राखीव. पुढे यादी आठशेंच्या वर गेली, तयार कपडे त्यात.
१९७४: श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटे बांधले.
१९७६: ३०० किंवा अधिक कामगारांचा कारखाना बंद करायला किंवा कपात करायला सरकारी परवानगी. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० वर आली.
१९७८: चितगावच्या देश गार्मेंट्सचा कोरियाच्या देवू कंपनीशी करार.
१८ जानेवारी १९८२: मुंबईचा गिरणी संप, सुमारे अडीच लाख कामगार.
१९९१: मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम, गिरण्यांच्या जमिनीवर दुसरं बांधकाम करण्याची वाट मोकळी.
२०००: नव्या वस्त्रोद्योग धोरणात तयार कपडे राखीव यादीतून बाहेर काढायचं ठरलं.
१ जानेवारी २००५: देशवार कोटे संपले.

पट्टी भरल्यावर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. संपाला दोष देणाऱ्यांनी आणि मालकांना दोष देणाऱ्यांनीही १९५६ च्या ओळीकडे पाहिलेलं नसतं. माग गोठवलेले, वर ठरावीक प्रमाणात जाडंभरडं कापड नियंत्रित भावात काढण्याची सक्ती, आणि अबकारी यंत्रमागापेक्षा जास्त. अशा गिरणीत नवी यंत्रं घालायला कोण पैसा काढेल? काम भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांकडे सरकलं. हातमाग वाचवायला केलेल्या नियमाने यंत्रमाग वाढला, हातमाग वाचला नाही. संप हा आधीच वाळवी लागलेल्या खांबावरचा घाव होता.

हीच काळजी १९९१ बद्दल घ्या. जुलै १९९१ मध्ये परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं तारण म्हणून परदेशी गेलं, १ आणि ३ जुलैला रुपयाचं अवमूल्यन झालं, २४ जुलैला नवं औद्योगिक धोरण आणि अर्थसंकल्प एकाच दिवशी आले. वळण मोठंच होतं. पण वाढीचा आलेख काढून पाहा: तो १९८० च्या आसपासच वर वळलेला दिसतो. ऐंशीच्या दशकात वाढ साडेपाच टक्क्यांच्या घरात होती. ‘सगळं एक्क्याण्णवमुळे’ म्हणणाऱ्याला या दहा वर्षांचा हिशेब द्यावा लागतो, आणि ऐंशीचं दशक डोक्यावर घेणाऱ्याला ती वाढ उसनवारीवर किती चालली होती याचा.

नियमाचा मजकूर वाचणं

धोरणाची प्रस्तावना वाचून काही कळत नाही. तिथे सगळेच देश गरिबांचं भलं करत असतात. कलमं वाचा आणि चार गोष्टी शोधा: मर्यादा किती, अपवाद कोणाला, मंजुरी कोण देतो, मोडलं तर काय.

लघुउद्योग राखीव यादीवर हे लावून पाहू. मर्यादा होती यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीची: १९९१ मध्ये ६० लाख रुपये, १९९७ मध्ये तीन कोटी, १९९९ मध्ये पुन्हा एक कोटी. आता बेरीज करा. त्या काळच्या शिलाई यंत्राची किंमत घ्या, कापणी, इस्त्री, धुलाई यांची यंत्रं वजा करा, उरलेल्या रकमेत किती शिलाई यंत्रं बसतात ते काढा. कारखाना कोणत्या आकाराला अडतो, ते या हिशेबातून कळतं. मग अपवाद: उत्पादनाचा मोठा हिस्सा निर्यात करण्याचं बंधन लिहून दिलं तर मोठा कारखानाही चालत असे. म्हणजे बंदी पूर्ण नव्हती. पण निर्यातीची एखादी ऑर्डर बुडाली तर माल देशात खपवायची फारशी सोय नाही, अशा अटीवर हजार यंत्रं कोण मांडेल? व्यवहारात दिसतं ते वेगळंच: एकाच मालकाची चार नावांनी चार युनिटं. चारही लहान, चारही कायद्यात बसणारी, आणि एकालाही परदेशी दुकानाची लाखभर शर्टांची ऑर्डर वेळेत उचलता न येणारी.

कामगार कायद्याला सगळा दोष देण्याआधीही हेच पाहा. १०० कामगारांची मर्यादा कारखाना तिथपर्यंत वाढल्यावर आड येते. पैशाच्या मर्यादेने तो आधीच थांबत असेल तर दुसऱ्या नियमाचा परिणाम वेगळा मोजता येत नाही. दोन नियम एकमेकांत गुंतले असतील तर पहिला कोणता टोचतो, हे आधी ठरवा.

आता बांगलादेश. तिथे दोन साध्या सोयी निर्णायक ठरल्या. एक, सीमाशुल्काच्या कुलपाखालचं गोदाम: कापड परदेशातून बिनशुल्क आणा, शिवा, निर्यात करा, हिशेब जुळवा. भारतात परताव्याची वाट जास्त वापरात होती. शुल्क आधी भरायचं, मागाहून परत मागायचं, आणि तेवढे महिने खेळतं भांडवल अडकायचं. दुसरी सोय बँकेची. परदेशी ग्राहकाने उघडलेलं पतपत्र (माल मिळाल्यावर पैसे देण्याची बँकेची हमी) कारखानदार आपल्या बँकेला दाखवी. त्याच्या आधारावर बँक कापड विकणाऱ्याच्या नावे दुसरं पतपत्र उघडी. शर्ट गेले, पैसे आले, की आधी कापडाचे वळते करून उरलेले कारखानदाराला. कापडासाठी खिशातून जवळपास काहीच घालायचं नाही. शिलाईच्या धंद्यात मालाच्या किमतीतला मोठा वाटा कापडाचा असतो, हे लक्षात घेतलं की ही सोय केवढी होती ते कळतं.

आणि कौशल्य? करारानुसार देश गार्मेंट्सचे १३० जण सहा महिने कोरियात पुसानच्या कारखान्यात शिकून आले. काही वर्षांत त्यांतले बहुतेक बाहेर पडले, कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्यांच्यात गेलं. कंपनीच्या दृष्टीने हे नुकसान, देशाच्या दृष्टीने हाच फायदा.

राजकारण: कोणाचं फावतं, कोण अडवू शकतं

आता तिसऱ्या रकान्याकडे. प्रत्येक नियमाला तीन प्रश्न विचारा. फायदा मूठभरांना की पसरलेला? तोटा होणारे संघटित आहेत का? नियम काढून घ्यायचा झाला तर नाही म्हणण्याची ताकद कोणाकडे आहे?

कोरियन कंपनी चितगावला का आली, याचं उत्तर अमेरिकेच्या राजकारणात सापडतं. तिथल्या गिरण्यांनी आणि कामगार संघटनांनी दबाव आणला, कोटे बांधले गेले, कोरियाचा कोटा भरला, बांगलादेशाचा रिकामा होता. एका देशातल्या संरक्षणाने तिसऱ्याच देशात उद्योग उभा केला. मुंबईच्या संपातली गाठही राजकीय होती. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ नुसार एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना. ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, आणि कामगार तर संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे. ज्याच्यामागे माणसं होती त्याच्याशी कायद्याने वाटाघाट करता येत नव्हती. संप रीतसर कधी मिटलाच नाही, याचं मोठं कारण या कलमात आहे. पुढे जमिनीचा भाव कापडाच्या भावापेक्षा कितीतरी वर गेल्यावर गिरणी पुन्हा चालावी असं वाटणारे लोक फारसे उरले नाहीत.

सवलत देणं वाईट, असा सरसकट निष्कर्ष काढू नका. कोरियाने भरमसाठ सवलती दिल्या. १९६१ नंतर बँका सरकारच्या ताब्यात होत्या, निर्यातदाराला कर्ज बाजारापेक्षा खूप स्वस्त मिळे. पण निर्यातीची ऑर्डर दाखवल्यावर. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही दरमहा बैठकीत निर्यातीचे आकडे घेऊन बसत. १९६४ मध्ये १० कोटी डॉलर असलेली निर्यात १९७७ मध्ये एक हजार कोटी डॉलरवर गेली. भारतातली सवलत लहान राहण्याबद्दल होती, कोरियातली मोठं होऊन परक्या बाजारात विकण्याबद्दल. लहान राहण्याची सवलत घेणारा दरवर्षी ती टिकवायला दिल्लीला जातो. निर्यातीची सवलत घेणाऱ्याला माल खपवायला परदेशी जावं लागतं.

इथे एक खड्डा आहे. पार्क हुकूमशहा होते, म्हणून ‘हुकूमशाही हवी’ असं म्हणणारे भेटतात. मग मोबुटूंचा झैरही (आजचं काँगो) पट्टीवर घ्या. तिथेही हुकूमशाहीच होती, आणि देश कंगाल झाला. उलट बोत्स्वानाने १९६६ पासून निवडणुका घेत हिऱ्यांचा पैसा देशात लावला. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांनी खनिजांचे हक्क जमातींकडून काढून राज्याकडे दिले, आणि हिरे तर त्यांच्याच जमातीच्या जमिनीत होते. शासनाचा प्रकार पाहण्यापेक्षा, चुकलेलं धोरण मागे घ्यायला भाग पाडणारं तिथे कोणी आहे का, हे पाहा. श्रीलंकेत डिसेंबर २०१९ मध्ये मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली, आणि एप्रिल २०२२ मध्ये देशाने परदेशी कर्जफेड थांबवली. निवडणुका तिथेही होत होत्या. बंदी काही महिन्यांत मागे घेतली, तोवर हंगाम गेला होता.

संस्कृती शेवटी, पण तीन कसोट्यांवर

एवढं सगळं तपासून जे उरतं त्यासाठी संस्कृतीकडे जा.

पहिली कसोटी तारखेची. अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी १९७८ मध्ये साडेतीन टक्क्यांच्या वाढीला ‘हिंदू विकासदर’ म्हटलं, आणि लोकांनी त्यात अल्पसंतुष्टता, कर्मसिद्धान्त वगैरे शोधलं. दोन-चार वर्षांत वाढ साडेपाचकडे गेली. त्या काळात लोकांचा धर्म बदलला होता का? जे कारण बदललंच नाही ते बदलाचं कारण होऊ शकत नाही.

दुसरी कसोटी: तीच माणसं दुसरीकडे, किंवा शेजारच्याच गावात, काय करतात? ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे वाक्य इचलकरंजीच्या मागांसमोर आणि कोल्हापूरच्या फाउंड्रींसमोर म्हणून पाहावं.

तिसरी कसोटी: आधी काय बदललं, रीत की कमाई? बांगलादेशात पडद्याची चाल असताना लाखो बायका कारखान्यात गेल्या. आज तिथे या धंद्यात सुमारे ४० लाख कामगार आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया. आधी समाज सुधारला आणि मग कारखाने आले, असं तिथे झालेलं नाही. या यशाचं वजन करताना २४ एप्रिल २०१३ ला राना प्लाझा या कपडे-कारखान्यांच्या कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्याखाली मेलेले १,१३४ जण, आणि देशाच्या निर्यातीचा ८० टक्क्यांहून जास्त भाग एकाच वस्तूवर टांगलेला असणं, हेही त्याच पानावर लिहा.

संस्कृतीला अजिबात वजन नाही, असं मात्र नाही. ती खरोखर काम करते तेव्हा नियमासारखी दिसते: कोणाला कुठे मज्जाव, आणि त्यापायी कोणाचा पगार किती. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात (कापड विणण्याच्या विभागात) पगार चांगला मिळे. पण सुताची कांडी बदलताना धोट्याच्या (मागावर आडवा धागा नेणाऱ्या तुकड्याच्या) भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. तो धोटा अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला इतरांना चालत नसे. म्हणून दलित कामगार कमी पगाराच्या सूतखात्यात अडकले. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हाच प्रश्न लावून धरला. हा संस्कृतीचा परिणाम आहे आणि तो मोजता येतो: खातं, पगार, संख्या. ‘आपल्याकडे श्रमाला प्रतिष्ठा नाही’ असं मोघम लिहिण्यापेक्षा असं एक खातं शोधा.

आकडा संस्कृतीचा वाटला तरी मोजणी तपासा. भारतात १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमातला सहभाग अधिकृत पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. सहा वर्षांत घरोघरचे विचार इतके पालटत नाहीत. आत पाहिलं तर वाढीचा मोठा भाग ग्रामीण, शेतीतला, स्वयंरोजगाराचा आणि घरच्या कामात बिनपगारी हात लावण्याचा आहे.

निकाल कधी लिहायचा

अवमूल्यनाचा परिणाम वर्ष-दोन वर्षांत दिसतो. परवाना किंवा आरक्षण उठवल्याचा पाच ते दहा वर्षांत, कारण कारखाने बांधावे लागतात आणि माणसं शिकावी लागतात. शाळांवरच्या खर्चाचा परिणाम दिसायला पंधरा-वीस वर्षं. हे आडाखे ढोबळ आहेत, पण पाच वर्षांच्या सरकारला वीस वर्षांच्या गोष्टीचं श्रेय किंवा दूषण देण्यापासून वाचवतात. प्रत्येक निष्कर्षाखाली एक ओळ सक्तीने लिहा: काय दिसलं तर मी हे मत सोडेन. ही ओळ सुचत नसेल तर ते मत तपासण्याजोगं नाही.

सराव करायचा असेल तर ताजी सामग्री हाताशी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम तंतूवरचा (ज्यापासून सूत काढतात) वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्के आणि त्याच्या सुतावरचा १२ वरून ५ टक्के झाला. कापडावर कर कमी आणि तंतू-सुतावर जास्त, ही उलटी उतरंड बरीच वर्षं चालली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि कपात किंवा कारखानाबंदीसाठीच्या परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली. आधी पट्टीवर या तारखा टाका, मग राज्याच्या नियमांत मजकूर काय आहे ते पाहा. नंतर कारखान्यांच्या वार्षिक पाहणीत कामगारसंख्येनुसार दिलेला तक्ता उघडा आणि तयार कपड्यांच्या ओळीत १०० ते ३०० च्या गटाचं काय होतं ते दरवर्षी टिपा. ही पाहणी वर्षाहून अधिक उशिरा येते. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं होतं, त्याचा धक्का याच वर्षांत मिसळलेला असणार. म्हणून अमेरिकेला जाणारा माल आणि इतरत्र जाणारा माल वेगळ्या ओळींत ठेवा, २०२४-२५ हे पायाभूत वर्ष धरा, आणि पहिला निकाल २०२८ च्या आत लिहू नका.